वाचलेला वाडा आणि पाहिलेला वाडा

नाटक हे दृश्यकाव्य होय, सबब ते वाचून त्याचा निवाडा करणे म्हणजे पक्वान्नांची यादी वाचून तृप्तीचा ढेकर देणे होय, असे मत आपल्याकडे वारंवार मांडले जाते. या मतात तथ्य नाही असे नाही. परंतु खेडेगाव आणि तेथील जुने घर हाच ज्यांचा विषय आहे अशा नाटकांच्या बाबतीत ते अर्धेच खरे आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. अशी नाटके पाहताना आपण पुष्कळदा नाटक पाहतच नाही. आपण आपले सोडलेले घर पाहतो, आपली आजी पाहतो, आणि डोळे पुसत बाहेर येतो. नाटककाराने काय म्हटले होते हे कळण्यासाठी मग पुस्तकाकडे वळावे लागते. उलट केवळ पुस्तक वाचणाऱ्याच्या हातूनही बरेच निसटते. महेश एलकुंचवार यांचे ‘वाडा चिरेबंदी’ हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या जोडीस एक इंग्रजी ग्रामीण नाटकही येथे विचारासाठी घ्यावयाचे आहे. ते मात्र आम्हांस केवळ वाचावयास मिळाले, पाहावयास मिळाले नाही. हा फरक पुढील विवेचनात वाचकांनी ध्यानात ठेवावा.

हा विषय इंदुरात बसून लिहिण्यास एक विशेष कारण आहे. माळव्यातील आम्हां मराठी माणसांचा गावाशी संबंध मोठा विलक्षण आहे. अठराव्या शतकात होळकरांच्या दौलतीबरोबर मराठी घराणी इकडे आली. कोणी दफ्तरात, कोणी फौजेत, कोणी देवस्थानांच्या व्यवस्थेत स्थिरावले. मूळ गाव राहिले ते कुळाचाराच्या वेळी उच्चारण्यापुरते. या मासिकाच्या वाचकांना हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही, कारण त्यांच्यापैकी पुष्कळांचे कुलदैवत गोव्यात आणि चूल भलतीकडेच असते. इंदुरात आमचे वाडे होते. परंतु ते खेड्यातले नव्हेत, गल्लीतले. त्यांच्या जागी आता दुकानांच्या इमारती उभ्या आहेत. खुद्द राजवाडा, ज्याचे खालचे तीन मजले दगडी व वरचे लाकडी, त्याचा मोठा भाग १९८४ साली आगीत गेला आणि पुढे तो पुन्हा उभारावा लागला. अशा लोकांना ‘वाडा’ हा शब्द कानी पडताच गलबलून येते. नाटकाच्या दृष्टीने हे गलबलणे मोठे घातक होय.

‘वाडा चिरेबंदी’ १९८५ साली ‘कलावैभव’ या संस्थेने विजया मेहता यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आणले. लेखक मूळचे विदर्भातले, यवतमाळ जिल्ह्यातील पारवा या गावी १९३९ साली जन्मलेले. पुढे नागपुरात इंग्रजीचे अध्यापन करणारे. पुढे त्यांनी ‘मग्न तळ्याकाठी’ व ‘युगान्त’ हे दोन भाग लिहून या घराण्याची कथा त्रिनाट्यधारेत विस्तारली. १९९४ साली ‘आविष्कार’ने चंद्रकांत कुलकर्णी यांच्या दिग्दर्शनाखाली तिन्ही नाटके सलग सादर केली, तो कित्येक तासांचा प्रयोग मराठी रसिकांच्या स्मरणात घर करून राहिला आहे. ‘युगान्त’ला २००२ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार लाभला. २०१५ च्या सुमारास कुलकर्णी यांनीच ‘वाडा’ पुन्हा व्यावसायिक रंगभूमीवर आणला आणि नव्या पिढीने तो पाहिला.

कथानक थोडक्यात असे. विदर्भातील धरणगावच्या देशपांड्यांच्या वाड्यात कर्ते पुरुष तात्याजी वारले आहेत. मुंबईस नोकरी करणारा मधला मुलगा सुधीर आपली कोकणस्थ पत्नी अंजली हिला घेऊन घरी येतो. घरी थोरला भास्कर व त्याची पत्नी, म्हणजे सर्वांची वहिनी, त्यांची मुले रंजू व पराग, धाकटा अविवाहित चंदू, शिकण्याची इच्छा दडपली गेलेली बहीण प्रभा, विधवा झालेली आई, आणि या सर्वांवर वयाने उरलेली दादी. तेराव्या दिवसापर्यंतचे हे दिवस आहेत. गावाला जेवण घालावयाचे की नाही, घालावयाचे तर पैसा कोठून आणावयाचा, घरातले पिढीजात सोने कोणाचे, वाड्याचा भाग विकावा काय, या प्रश्नांभोवती घर गरगरत राहते. रंजू शिकवणीच्या मास्तराबरोबर मुंबईला पळून जाते आणि दागिनेही जातात. पोरगी परत येते, सोने येत नाही.

आता हे नाटक वाचणाऱ्यास काय दिसते ते पाहू. वाचकास प्रथम दिसतो तो हिशोब. एलकुंचवारांनी घराण्याच्या ऱ्हासाची कहाणी लिहिली असे सर्वत्र म्हटले जाते आणि ते खरेही आहे. परंतु ऱ्हास हा शब्द मोठा काव्यमय आहे, आणि या नाटकातला ऱ्हास हा जमाखर्चाचा आहे. संहिता हाती घेऊन बसणाऱ्याला कळते की येथे शोकाचे प्रत्येक वाक्य दोन-चार ओळींच्या आत पैशाच्या गोष्टीला जाऊन भिडते. वडिलांचे शेवटचे दिवस कसे गेले हे सांगता सांगता कोणाचा किती खर्च झाला ते निघते. भावाच्या मुंबईतल्या बिऱ्हाडाची चौकशी करता करता त्याच्या पगाराचा अंदाज घेतला जातो. घरच्यांना वाटते सुधीर मुंबईत सुखात आहे. सुधीरला वाटते भास्कराने शेतीवाडी एकट्याने उपभोगली. दोघांचेही खोटे आहे, आणि दोघांनाही ते आतून ठाऊक आहे. हा संशयाचा बारीक दोरा प्रयोगात हाती लागत नाही, कारण तेथे नटाचा चेहरा आपले लक्ष वेधून घेतो. वाचणारा मागची पाने उलटू शकतो, पाहणाऱ्यास ती मुभा नाही.

दुसरी गोष्ट भाषेची. वाड्यातली माणसे वैदर्भी वळणाची मराठी बोलतात, अंजली पुण्यामुंबईकडची. जावाजावांतला सगळा दुरावा त्या दोन वळणांच्या मध्ये मावलेला आहे. इंदूरच्या वाचकाला या भाषेची गोडी काही अधिकच लागावी, कारण आमचीही मराठी हिंदीच्या शेजारात वाढलेली. पुण्याचा पाहुणा आमच्या बोलण्याला हसतो ते आम्हांस नवे नाही. एके काळी इंदुराहून खांडवा व अकोल्याकडे मीटरगेजची गाडी जात असे. माळवा आणि वऱ्हाड यांतले अंतर त्या काळी आजच्याहून कमी होते असे म्हणावयास हरकत नाही. वैदर्भी बोली व्यावसायिक रंगभूमीवर बहुधा विनोदासाठी येते. येथे ती दुःखासाठी आली, आणि हे नाटककाराचे मोठे धैर्य होय. मात्र प्रयोगात, विशेषतः महाराष्ट्रातील मोठ्या शहरांत, वहिनीच्या बोलण्याला जो हशा मिळतो त्याचा काही भाग तरी त्या बोलीलाच मिळालेला असतो. वाचताना हसू येते ते वाक्यातील वक्रतेला. हा भेद नटवर्गाने ध्यानी घेतला पाहिजे.

तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. या नाटकात कोण आहे यापेक्षा कोण नाही हे वाचताना अधिक प्रकर्षाने जाणवते. एवढी मोठी देशमुखी-देशपांडेपणाची परंपरा, एवढी जमीन, आणि ती जमीन कसणारा एकही मनुष्य मंचावर येत नाही. त्याचे कारण इतिहासात आहे. विदर्भ विभागाचा कुळकायदा १९५८ सालचा, आणि जमिनीच्या कमाल मर्यादेचा कायदा १९६१ सालचा. या कायद्यांनी ज्याच्या हाती नांगर होता त्याच्या हाती जमीन देण्याचा मार्ग काढला. वाडा रिकामा होऊ लागला तो काही कोणा एका कर्त्याच्या नाकर्तेपणामुळे नव्हे. नाकर्तेपणा होताच, परंतु कसणाऱ्याच्या श्रमावर उभा असलेला डोलारा त्या श्रमाने हात काढून घेतल्यावर टिकणार कसा? एलकुंचवार हे कोठेही भाषण करून सांगत नाहीत. त्यांनी एवढेच केले की त्या माणसांना बाहेर ठेवले आणि आत उरलेल्यांना एकमेकांवर सोडले. काही टीकाकारांना ही नाटकाची मर्यादा वाटते. मला ती त्याची रचना वाटते. परंतु वाड्यासाठी अश्रू ढाळताना प्रेक्षक जर ही रिकामी जागा विसरला तर त्याने अर्धेच नाटक पाहिले असे म्हणणे भाग आहे.

गोव्याकडील वाचकांना हे निराळ्या नावांनी ओळखीचे आहे. तेथे भाटकार आणि मुंडकार होते. १९६४ चा कृषी कुळांचा कायदा आणि १९७५ चा मुंडकार संरक्षण कायदा आला आणि कित्येक जुन्या घरांच्या ओसरीवर हेच संवाद झाले असतील. आपल्या समाजात या कायद्यांविषयी अजूनही ‘आमची जमीन गेली’ एवढेच एक वाक्य ऐकू येते. ती कोणाकडे आली, आणि ज्याच्याकडे आली त्याच्या पूर्वजांनी किती पिढ्या तिथे घाम गाळला, हे वाक्याचे उत्तरार्ध बहुधा अध्याहृत राहते.

एवढा पक्ष वाचनाचा झाला. आता प्रयोगाकडे वळू, आणि येथे वाचकाने आपला अभिमान थोडा बाजूस ठेवावा.

पुस्तकात चंदू जवळजवळ दिसत नाही. त्याला बोलावयास फारसे काही नाही; पान उलटताना तो नजरेतून गळतो. रंगमंचावर मात्र तो सतत असतो. कोणी पाणी मागते, कोणी निरोप धाडते, कोणी ओझे उचलावयास सांगते, आणि हा मनुष्य उठतो, जातो, येतो. त्याचा पाय दुखावलेला आहे आणि ती जखम चिघळत चालली आहे, हे वाचताना एक माहिती म्हणून लक्षात राहते; पाहताना तो प्रत्येक पावलागणिक आपल्याला टोचत राहतो. घरातल्या कोणाच्याही ते ध्यानात येत नाही, आणि ज्याच्या ध्यानात येते तो दवाखान्याची गोष्ट उद्यावर टाकतो. तेराव्याच्या जेवणावळीचा आकडा काढणाऱ्या घरात जिवंत मुलाच्या पायासाठी उसंत नाही. एका शब्दाचाही खर्च न करता नाटककाराने केलेले हे भाष्य केवळ दृश्याच्या बळावर उभे आहे. चांगला नट मिळाल्यास चंदू हेच नाटकाचे मध्यवर्ती पात्र ठरते. आणि दुबळा नट मिळाल्यास प्रयोग कौटुंबिक भांडणाचा होतो.

तीच गोष्ट दादीची. ही वृद्धा आपला मुलगा गेल्याचे न उमजता त्याला हाका मारते आणि वेळ विचारीत राहते. वाचताना आपण तिची ती पृच्छा एकदा वाचतो, दुसऱ्यांदा चाळतो, तिसऱ्यांदा वगळतो. कानाला वगळता येत नाही. भावाभावांचा वाद ऐन टिपेला पोचावा आणि आतल्या खोलीतून तो क्षीण आवाज यावा, की सारे प्रेक्षागृह गप्प होते. काळ विचारणारी ही बाई घड्याळाचा काळ विचारीत नाही हे सर्वांना कळते. पण ते कोणी बोलून दाखविले असते तर सारा परिणाम मातीमोल झाला असता. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टरही असाच. पुस्तकात तो एक वस्तू आहे. प्रयोगात पात्रे ज्या नजरेने त्या दिशेला पाहतात, किंवा पाहावयाचे टाळतात, त्या नजरेत तो वाढत जातो. मोठ्या उमेदीने आणलेले यंत्र आणि त्याला चालवणारा हात नाही. याहून नेमके वर्णन त्या घराचे करता येणार नाही.

आणि मग तो सोन्याचा प्रवेश. रात्री भास्कर आणि वहिनी पिढीजात दागिने बाहेर काढतात आणि वहिनी ते अंगावर चढविते. संहितेत हा प्रवेश लोभाचा वाटतो. थोरल्या सुनेने सासूच्या हयातीतच डबा उघडला, असे म्हणून वाचक मनाशी तिचा निषेध करतो. मंचावर मात्र दिव्याच्या उजेडात ती स्त्री त्या सोन्याखाली वाकत जाते आणि त्याच क्षणी पहिल्यांदा ताठही होते. जन्मभर ज्या घरात तिने चूल फुंकली त्या घराने तिला दिलेले हे एवढेच, आणि तेही चोरून, रात्री, नवऱ्याच्या समोर. लोभ आहे, पण लोभाच्या आत एक अपमानित गृहिणी आहे. नव्या प्रयोगात निवेदिता सराफ यांनी ही भूमिका केली. विनोदाच्या वाटेने लोकप्रिय झालेली अभिनेत्री या जागी मौनावर विसंबते हे पाहण्यासारखे होते. असा प्रवेश केवळ वाचून ज्यांनी वहिनीला दोषी ठरविले त्यांनी आपला निकाल राखून ठेवावा.

परंतु प्रयोगाचे हेच सामर्थ्य त्याचा धोकाही आहे. वाडा म्हटला की नेपथ्यकार भक्कम खांब, कोरीव चौकट, ओटी, झोपाळा उभा करणार. प्रकाशयोजनाकार त्यावर सोनेरी सायंकाळ ओतणार. आणि प्रेक्षक म्हणणार, अहाहा, काय ते दिवस! वस्तुतः नाटक ओरडून सांगत असते की ते दिवस काही चांगले नव्हते. प्रभाला विचारा, चंदूला विचारा. महाराष्ट्राबाहेरच्या मराठी प्रेक्षागृहांत हा धोका दुप्पट होतो. इंदुरात ‘नाट्यभारती’ने बाबा डिके, राहुल बारपुते प्रभृतींच्या काळात येथल्याच नटांना घेऊन नाटके उभी केली; पुढे ‘सानंद’ने मुंबई-पुण्याचे प्रयोग येथे आणून सभासदांचा मोठा वर्ग बांधला. या दोन्ही कार्यांविषयी आदर बाळगूनही म्हणावेसे वाटते की, बाहेरून येणारे नाटक पाहणारा समाज हळूहळू पाहुण्यासारखा पाहू लागतो. त्याला त्या दोन-अडीच तासांत महाराष्ट्र हवा असतो. एलकुंचवार त्याला महाराष्ट्र देत नाहीत, एक घर देतात, आणि तेही आतून किडलेले.

आता तेराव्याचा प्रश्न, जो या मासिकाच्या वाचकांना अधिक जवळचा वाटेल. काही मंडळींचा समज असा दिसतो की हे नाटक धर्मकृत्यांची टिंगल करते. हा समज संहिता वाचली तर टिकत नाही. गेलेल्याचे उत्तरकार्य व्हावे याबद्दल घरात कोणाचाच विरोध नाही. वाद आहे तो गावजेवणाचा, म्हणजे देशपांड्यांनी गावाला काय दाखवायचे याचा. श्रद्धा आणि प्रतिष्ठा यांची सरमिसळ आपल्याकडे इतकी जुनी आहे की एक कापावयास जावे तर दुसरीतून रक्त येते. आई या नाटकातली सर्वांत शांत व्यक्ती आहे, आणि तिला हा भेद सर्वांच्या आधी कळतो. विधवेच्या दुःखाला तेथे कोणी विचारीत नाही. तिच्या मुलांना नावाची चिंता आहे. देवळाच्या उत्सवाचे यजमानपण, पालखीचा मान, नैवेद्याचा क्रम यांवरून आपल्याकडे घराघरांत जे अबोले धरले गेले त्यांची आठवण ज्यांना असेल त्यांनी या नाटकाला धर्मविरोधी म्हणण्याआधी ते दोनदा वाचावे.

देवळाची गोष्ट निघालीच आहे म्हणून एक विषयांतर. गोव्यात जात्रेच्या रात्री पालखी फिरून आली की देवळाच्या प्राकारात नाटक उभे राहते, आणि नट गावचे, प्रेक्षकही गावचे. तेथे गाव गावाला पाहते. राजा झालेला मनुष्य सकाळी कोणाकडे कामाला जातो हे सर्वांना ठाऊक असते. त्या परंपरेच्या अंगणातूनच मंगेशीचे मास्टर दीनानाथ संगीत रंगभूमीवर आले, आणि त्यांची ज्येष्ठ कन्या लता हिचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी आमच्या इंदुरास झाला, हा योगायोग आम्ही इंदूरकर संधी मिळेल तेथे सांगत असतो. असो. सांगावयाचे ते इतकेच की ‘वाडा चिरेबंदी’ अजून जात्रेच्या मांडवात, खऱ्या जुन्या घरांच्या सान्निध्यात, भाटकार व मुंडकार दोघांच्या वंशजांपुढे करून पाहावे. तिकीट काढून आलेल्या शहरी प्रेक्षकापुढे जे करुण वाटते ते तेथे कदाचित अस्वस्थ करणारे ठरेल.

इंग्रजी नाटकाकडे वळण्याचे प्रयोजन येथेच आहे. जेझ बटरवर्थ यांचे ‘जेरुसलेम’ जुलै २००९ मध्ये लंडनच्या रॉयल कोर्ट रंगमंदिरात इयन रिक्सन यांच्या दिग्दर्शनाखाली आले. प्रमुख भूमिका मार्क रायलन्स यांची. पुढे ते लंडनच्या वेस्ट एंडला व न्यूयॉर्कला गेले, रायलन्स यांना २०११ साली टोनी पारितोषिक मिळाले, आणि २०२२ साली त्याच नटाने ते लंडनमध्ये पुन्हा केले. स्थळ विल्टशर परगण्यातील एक कल्पित खेडे, काळ सेंट जॉर्जच्या सणाचा दिवस, म्हणजे २३ एप्रिल. गावात जत्रा आहे, घुंगरू बांधून नाचणारे आहेत, जत्रेची राणी निवडली जावयाची आहे. आणि गावाबाहेरच्या रानात एका मोडक्या फिरत्या घरात जॉनी ‘रूस्टर’ बायरन हा मनुष्य राहतो. एके काळी मोटारसायकलवरून जिवावरच्या उड्या मारणारा, आता दारू, अमली पदार्थ आणि थापा यांचा अड्डा चालविणारा. गावची अर्धी पोरे त्याच्याकडे पडीक. जवळच नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथील लोकांच्या तक्रारी आहेत, आणि स्थानिक प्रशासनाचे अधिकारी त्याला जागा खाली करण्याची नोटीस चिकटवून जातात.

नाव ब्लेक कवीच्या एका काव्यावरून आले आहे. ह्युबर्ट पॅरी यांनी १९१६ साली त्याला चाल दिली आणि ते इंग्रजांचे जणू दुसरे राष्ट्रगीत झाले. हिरव्या भूमीवर कधी काळी देवाची पावले उमटली होती काय, असा त्याचा विषय. बटरवर्थ विचारतात की त्या हिरव्या भूमीचे आज काय झाले आहे? आपल्याकडे जसे वाडा म्हटल्यावर डोळे ओले होतात तसे इंग्रजाचे खेडे म्हटल्यावर होतात. गवताचा उतार, चर्चचे शिखर, चहाची बशी. नाटक त्या चित्राच्या ऐन मध्यावर एक घाणेरडा, खोटारडा, पण कोणाहीपेक्षा अधिक जिवंत असा मनुष्य उभा करते. जो सण गावाच्या जुनेपणाचा उत्सव म्हणून चालतो त्याच दिवशी गाव आपल्या सर्वांत जुन्या गोष्टीला, म्हणजे रानाला व रानात राहणाऱ्याला, हाकलून देत असते. बायरन सांगतो की त्याला एक राक्षस भेटला होता आणि स्टोनहेंजचे दगड आपणच उभारले असे त्या राक्षसाने सांगितले. पोरे हसतात. थाप आहे हे उघड आहे. पण गावात दुसरे कोणी एवढी थाप मारण्याइतके त्या मातीचे राहिलेले नाही.

हे नाटक वाचताना आपल्या वाचकांना दोन अडचणी येतील. एक म्हणजे शिव्या. त्या इतक्या आहेत की घरात मोठ्याने वाचण्याजोगे हे पुस्तक नव्हे, आणि हे आधीच सांगितलेले बरे. दुसरी अडचण अधिक खरी. त्या बोलीचा कानाशी परिचय नसल्याने बायरनचे विनोद कागदावर सपाट होतात. लंडनच्या प्रयोगात मंचावर खरी झाडे होती, जिवंत कोंबड्या होत्या. रायलन्स यांच्या देहबोलीविषयी ज्यांनी लिहिले त्यांनी चालीपासून खोकल्यापर्यंत सर्व वर्णिले आहे. ते वाचून आपण मान डोलावतो, पण दादीच्या आवाजाविषयी जसे स्वानुभवाने लिहिता येते तसे येथे येत नाही. म्हणून ‘जेरुसलेम’विषयी माझे मत संहितेपुरतेच समजावे. संहितेवरून असे दिसते की नाटककार आपल्या नायकाच्या प्रेमात पडला आहे. त्याच्या अड्ड्यावर येणाऱ्या अल्पवयीन मुलींचे काय होते, त्याच्या स्वतःच्या लहानग्या मुलाच्या वाट्याला कोणता बाप येतो, हे प्रश्न नाटकात उपस्थित होतात, पण नायकाच्या वाणीच्या धबधब्यात वाहून जातात. एलकुंचवारांनी भास्कराला ही सवलत दिली नाही. ते कोणाच्याच प्रेमात पडत नाहीत; निदान या पहिल्या भागात तरी.

तरीही एका बाबतीत इंग्रज नाटककार पुढे गेला आहे. शेवटी मार खाऊन रक्तबंबाळ झालेला बायरन ढोल बडवीत आपल्या पूर्वजांना, त्या राक्षसांना, नावानिशी हाका मारतो. कोणी येते की नाही हे नाटक सांगत नाही. दादीची हाकही अशीच उत्तरावाचून राहते, पण ती एका घरापुरती आहे. तिचा वेंकटेश गेला, एवढ्याने आपण तिचे दुःख समजून घेतो. बायरनची हाक साऱ्या भूमीला आहे. आमचे ग्रामीण नाटक उंबरठ्याच्या आत राहिले, त्यांचे रानात गेले. वाड्याबाहेर जे गाव आहे, तेथे काय चालले आहे, हे आमच्या रंगभूमीने दुसऱ्या नाटकांवर, दुसऱ्या जातींवर सोपविले. दोन्ही एकाच मंचावर यावीत असे नाटक मराठीत अद्याप माझ्या पाहण्यात नाही.

‘वाडा’तही दोष आहेत. रंजूचे पलायन कथानकाच्या सोयीसाठी घडल्यासारखे वाटते; मास्तर कधी समोर येत नाही, त्यामुळे सोन्याचे जाणे हा एखाद्या अपघातासारखा प्रकार होतो. प्रभाच्या तोंडी लेखकाने आपली काही वाक्ये ठेवली आहेत. वाचताना ती खटकतात, आणि कुशल नटीने ती दबक्या स्वरात घेतली तरच प्रयोगात निभावतात. त्रिनाट्यधारेतील पुढच्या भागांत, विशेषतः ‘युगान्त’मध्ये, माणसे बोलून बोलून चिंतन करतात. पुरस्कार त्या भागास मिळाला असला तरी नाट्य म्हणून पहिला भागच श्रेष्ठ, असे माझे मत आहे. अकादमीने चूक केली असे म्हणावयाचे नाही. वाचनीयता आणि प्रयोगक्षमता यांची तराजू निरनिराळी असते.

इंदूरच्या हौशी मंडळींना एक सूचना कराविशी वाटते. हे नाटक बसवावयाचे झाल्यास वैदर्भी बोलीची नक्कल करू नये. येथल्या घरांत जी हिंदीमिश्रित मराठी बोलली जाते तीच आईच्या, वहिनीच्या, चंदूच्या तोंडी द्यावी आणि अंजलीला तेवढी पुण्याची ठेवावी. लेखकाची परवानगी अर्थातच घ्यावी लागेल. नेपथ्यात खांब-कमानी शक्य तितक्या कमी असाव्यात; रिकाम्या कोनाड्यांनी अधिक काम होईल. आणि पहिले चार-सहा दिवस तालमी करू नयेत, नुसते वाचन करावे, सर्वांनी मिळून, पैशाचा उल्लेख जेथे जेथे येतो तेथे पेन्सिलीने खूण करीत. चंदूची भूमिका मात्र मंडळीतल्या सर्वांत चांगल्या नटाला द्यावी, त्याने कितीही कुरकुर केली तरी.